अमेरिकेच्या दक्षिणेतली गुलामगिरी आणि गुलाम स्त्रिया : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या गुलामगिरीबद्दल मराठीत जे वाचायला मिळतं ते बहुधा लिंकन, यादवी युद्ध आणि चाबूक एवढ्यावर आटोपतं. गुलाम स्त्रियांच्या वाट्याला काय आलं, कायद्याने त्याला कसा आधार दिला आणि त्यातून पैसा कसा उभा राहिला, याबद्दल पुन्हा पुन्हा येणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरं. काही दोन ओळींची आहेत, काही लांबली आहेत. लैंगिक अत्याचाराचे उल्लेख जागोजागी येतील; वर्णनं टाळली आहेत.

यादवीपूर्व दक्षिण म्हणजे नेमका कोणता प्रदेश आणि कोणता काळ?

अमेरिकेच्या स्वातंत्र्यापासून १८६१ साली यादवी युद्ध पेटेपर्यंतचा काळ, आणि गुलामगिरी कायदेशीर असलेली राज्यं. १८६० साली अशी पंधरा राज्यं होती. व्हर्जिनिया, मेरीलँड, केंटकी, मिसूरी वगैरे ‘वरच्या’ दक्षिणेत तंबाखू आणि धान्य. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना या ‘खालच्या’ दक्षिणेत कापूस. लुईझियानात ऊसही, आणि जॉर्जिया-कॅरोलिनाच्या किनाऱ्यावर भात. हा वर-खालचा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गुलाम किती होते, आणि बाळगणारे किती?

१८६० च्या जनगणनेत ३९ लाख ५३ हजार माणसं गुलाम म्हणून नोंदली गेली. त्यात बायका जवळपास निम्म्या. गुलाम बाळगणारी कुटुंबं दक्षिणेतल्या गोऱ्या कुटुंबांच्या साधारण एक चतुर्थांश होती. म्हणजे बहुसंख्य गोऱ्यांकडे गुलाम नव्हते; पण कायदा, न्यायालयं, बँका आणि विधिमंडळं गुलाम असणाऱ्यांच्या हातात होती.

मालकापासून झालेलं मूल स्वतंत्र का होत नसे?

या एका प्रश्नाच्या उत्तरात निम्मा विषय येतो. इंग्लंडच्या रूढ कायद्यात मुलाचा दर्जा बापावरून ठरे. व्हर्जिनियात एलिझाबेथ की नावाच्या स्त्रीने याच आधारावर दावा लावला. आई आफ्रिकन, बाप इंग्रज. बाप इंग्रज असल्यामुळे आपण गुलाम असूच शकत नाही, असं तिचं म्हणणं. १६५६ साली ती जिंकली.

मळेवाल्यांना यातला धोका कळायला वेळ लागला नाही. १६६२ साली व्हर्जिनियाच्या विधिमंडळाने नवा कायदा केला : इंग्रज पुरुषापासून काळ्या स्त्रीला झालेलं मूल गुलाम की स्वतंत्र, हे आईच्या स्थितीवरून ठरेल. पुढे सगळ्या गुलाम राज्यांनी हेच तत्त्व उचललं.

याचा व्यवहारी अर्थ बघा. मालकाने गुलाम स्त्रीवर बळजबरी केली तर तो गुन्हा नाही, बाप म्हणून पोटगी नाही, वारसाहक्काची कटकट नाही. उलट नऊ महिन्यांनी मालमत्तेत एका जिवाची भर. लंपटपणा कुठल्याही समाजात सापडतो. इथे कायद्याने त्याची किंमत शून्यावर आणली आणि वर नफा जोडून दिला. म्हणून हे अत्याचार चार वाईट मालकांची करणी होती, ही समजूत टिकत नाही.

गुलामांची आयात १८०८ मध्ये बंद झाली. मग संख्या इतकी कशी वाढली?

१७९० साली गुलाम सात लाखांच्या आत होते. सत्तर वर्षांत ते जवळपास चाळीस लाख झाले, आणि १८०८ नंतर बाहेरून आले ते चोरटे, तुलनेने थोडे. वाढ झाली ती जन्मांमुळे.

१७९३ मध्ये एली व्हिटनीचं सरकी वेगळी करणारं यंत्र आलं. विदर्भ-खानदेशात ज्याला आपण जिनिंग म्हणतो ते काम यंत्रावर गेलं आणि आखूड धाग्याचा कापूस एकदम परवडू लागला. अलाबामा, मिसिसिपीच्या नव्या जमिनींना माणसं हवी होती. व्हर्जिनिया-मेरीलँडच्या तंबाखूने दमलेल्या जमिनींवर माणसं जास्त होती. वरच्या दक्षिणेने खालच्या दक्षिणेला माणसं विकायला सुरुवात केली. १७९० ते १८६० या काळात सुमारे दहा लाख माणसं अशी हलवली गेली. काही मालकाबरोबर स्थलांतरात, बरीचशी व्यापाऱ्यांच्या हातून, साखळीने बांधून पायी किंवा जहाजात भरून.

या व्यापारात मूल जन्माला घालू शकणारी तरुण बाई म्हणजे भांडवल. थॉमस जेफरसनने १८२० साली आपल्या जावयाला, जॉन एप्सला, पत्रात हिशेब सरळ मांडून दिला : दर दोन वर्षांनी मूल देणारी बाई मळ्यावरच्या उत्तम गड्यापेक्षा जास्त फायद्याची, कारण गड्याचं काम खाण्यापिण्यात संपतं, तिचं उत्पन्न भांडवलात जमा होतं. पत्र लिहिणारा माणूस देशाचा माजी अध्यक्ष होता.

‘जोड्या लावून’ मुलं जन्माला घालायला लावत, हे खरं का?

तसे प्रकार झाले, त्याच्या साक्षी आहेत. टेक्ससमधल्या रोझ विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात, म्हातारपणी, सांगितलेली हकीकत प्रसिद्ध आहे. सोळाव्या वर्षाच्या सुमाराला मालकाने त्यांना रूफस नावाच्या गुलामाच्या खोपटात राहायला सांगितलं. त्यांनी विस्तवाची सळई घेऊन त्याला हुसकावलं. मग मालकाने आठवण करून दिली की तुझ्या आईबापांना मी तुझ्याबरोबर एकत्र विकत घेतलंय, ताटातूट होऊ दिली नाही. आता फटके हवेत की माझं ऐकणार? त्या राहिल्या. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याला सोडून दिलं आणि पुन्हा कधी लग्न केलं नाही.

पण असा उघड हुकूम प्रत्येक मळ्यावर निघत होता असं मात्र समजू नये. त्याची गरजच नसे. मुलं होणाऱ्या बाईला जरा हलकं काम, जास्तीचं कापड. मूल न होणारीला विक्रीची भीती. एवढ्यावर भागत असे.

बलात्काराचा गुन्हा लागतच नव्हता?

बळी गुलाम स्त्री असेल तर व्यवहारात नाही. मिसिसिपीच्या वरिष्ठ न्यायालयाचा १८५९ चा निकाल याबाबत सगळ्यात उघडा आहे. जॉर्ज नावाच्या गुलाम पुरुषाला दहा वर्षांखालच्या गुलाम मुलीवर बलात्कार केल्याबद्दल शिक्षा झाली होती. न्यायालयाने ती रद्द केली. कारण काय, तर राज्याचा बलात्कारविषयक कायदा गुलाम स्त्रियांना लागूच होत नाही. निकालाची लाज वाटून म्हणा, पुढच्याच वर्षी विधिमंडळाने बारा वर्षांखालच्या काळ्या मुलीवरचा बलात्कार गुन्हा ठरवला. पण आरोपी काळा असेल तरच. गोऱ्या पुरुषाला हात लागणार नाही, याची काळजी घेऊनच तो कायदा लिहिला होता.

मारहाणीबाबत नॉर्थ कॅरोलिनातला १८२९ चा ‘सरकार विरुद्ध मान’ हा निकाल पायाभूत ठरला. जॉन मान याने लिडिया नावाची गुलाम स्त्री भाड्याने कामाला घेतली होती. ती शिक्षा टाळून पळू लागली तेव्हा त्याने पाठीमागून गोळी घातली. खालच्या कोर्टाने दंड केला, वरच्या कोर्टाने सोडून दिलं. न्यायमूर्ती थॉमस रफिन यांनी लिहिलं की गुलामाची शरणागती पूर्ण व्हायची तर मालकाची सत्ता निरंकुश असायलाच हवी. हे लिहिताना मनाला यातना होतात, असंही त्यांनी निकालात नमूद केलं. त्या यातनांचा लिडियाला काय उपयोग झाला, देव जाणे.

सीलियाचा खटला काय होता?

मिसूरी राज्यातल्या कॅलवे परगण्यात रॉबर्ट न्यूसम नावाचा खाऊनपिऊन सुखी शेतकरी होता. बायको वारलेली, साठीच्या घरात आलेला, घरात मोठी झालेली मुलं. १८५० साली तो शेजारच्या परगण्यात गेला आणि चौदा वर्षांच्या सुमाराची एक मुलगी विकत घेऊन आला. घरी परततानाच वाटेत त्याने तिच्यावर बलात्कार केला. ती सीलिया.

पुढची पाच वर्षं तेच चाललं. घराजवळ तिला वेगळी खोली बांधून दिली होती. तिला दोन मुलं झाली. पुढे त्याच मळ्यावरच्या जॉर्ज नावाच्या गुलामाशी तिचं जमलं. १८५५ च्या सुरुवातीला तिला पुन्हा दिवस राहिले, आणि जॉर्जने सांगितलं की म्हाताऱ्याशी संबंध तोड, नाहीतर मी तुझ्याशी नातं ठेवणार नाही. संबंध तोडणं जणू तिच्या हातात होतं! तरी तिने करता येण्यासारखं सगळं केलं. न्यूसमच्या मुलींना विनवलं, मी आजारी आहे, बापाला आवरा. मग खुद्द न्यूसमला बजावलं, आलास तर मारीन.

२३ जून १८५५ च्या रात्री तो आला. तिने कोपऱ्यात आणून ठेवलेल्या सोट्याने दोन घाव घातले. तो मेला. रात्रभर तिने चुलाण्यात प्रेत जाळलं.

ऑक्टोबरमध्ये खटला उभा राहिला. कोर्टाने तिला वकील दिला तो जॉन जेम्सन, काँग्रेसचा, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचा, माजी सदस्य, स्वतः गुलाम बाळगणारा. त्याने जो बचाव मांडला त्याची अपेक्षा कोणी केली नसावी. मिसूरीच्या १८४५ च्या कायद्यानुसार ‘कोणत्याही स्त्री’वर जबरदस्ती करणं गुन्हा होता, आणि अशा गुन्ह्यापासून स्वतःचा बचाव करताना हातून मृत्यू झाला तर तो क्षम्य होता. जेम्सनचं म्हणणं इतकंच की ‘कोणत्याही स्त्री’ मध्ये गुलाम स्त्री येते, तसं ज्यूरीला सांगा. न्यायाधीश विल्यम हॉल यांनी नकार दिला. ते मान्य केलं असतं तर राज्यातल्या प्रत्येक गुलाम स्त्रीला मालकाला अडवण्याचा हक्क मिळाला असता. नाकारण्यामागचं कारण हेच असावं, असं मला वाटतं.

सीलियाला स्वतःची साक्ष देता आली नाही. ज्यूरी सगळी गोऱ्या पुरुषांची. दोषी. तुरुंगात तिला मृत मूल झालं. फाशीची पहिली तारीख टळावी म्हणून कोणीतरी तिला काही दिवस तुरुंगातून बाहेर काढून लपवलं होतं, पण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली नाही. २१ डिसेंबर १८५५ रोजी तिला फाशी दिली. ती एकोणीस वर्षांची होती. डिसेंबर २०२४ मध्ये मिसूरीच्या राज्यपालांनी तिला मरणोत्तर माफी दिली.

लिलावात तरुण मुलींसाठी वेगळा बाजार होता का?

होता. गोरटेल्या रंगाच्या तरुण मुलींना व्यापारी ‘फॅन्सी’ म्हणत, आणि न्यू ऑर्लीन्स, लेक्झिंग्टन, रिचमंड इथे त्यांना शेतावरच्या धडधाकट गड्यापेक्षा जास्त भाव येई. विकत घेणाऱ्याला काय हवं आहे हे विकणाऱ्याला, बघ्यांना आणि त्या मुलीलाही माहीत असे. १८३० च्या दशकातली सर्वांत मोठी गुलाम-व्यापारी पेढी म्हणजे अलेक्झांड्रियाची फ्रँकलिन अँड आर्मफिल्ड. तिच्या भागीदारांची आपापसातली पत्रं उपलब्ध आहेत; त्यात विकायला आणलेल्या मुलींवर स्वतः केलेल्या अत्याचारांबद्दल चावट विनोद आहेत. पुढे आयझॅक फ्रँकलिन प्रचंड जमिनींचा धनी झाला, प्रतिष्ठित घरात लग्न केलं. समाजाने तोंड फिरवलं वगैरे काही घडलं नाही.

सॅली हेमिंग्ज आणि जेफरसन यांचं ‘प्रेमप्रकरण’ होतं असं वाचलं. संमती असेल तर?

आधी घटना. सॅली ही जेफरसनच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण. दोघींचा बाप एक, जॉन वेल्स, आणि सॅलीची आई त्याची गुलाम. १७८७ साली चौदा वर्षांची सॅली जेफरसनच्या धाकट्या मुलीची सोबतीण म्हणून पॅरिसला गेली. जेफरसन तेव्हा ४४ वर्षांचा. १७८९ मध्ये परतताना तिला दिवस गेले होते. फ्रान्समध्ये ती स्वातंत्र्य मागू शकली असती. तिचा मुलगा मॅडिसन याने १८७३ मध्ये सांगितल्याप्रमाणे, होणाऱ्या मुलांना एकविसाव्या वर्षी मोकळं करण्याचं वचन घेऊन ती परत आली. तिला सहा मुलं झाली, चार जगली, ती चारही पुढे मोकळी झाली. जेफरसनच्या घराण्याने दीडशे वर्षं नाकारलं. १९९८ च्या डीएनए चाचणीने जेफरसन घराण्यातल्या पुरुषाशी नातं दाखवलं, आणि जेफरसनचं मॉन्टिसेलो हे घर सांभाळणाऱ्या संस्थेने २००० साली जेफरसनचं पितृत्व मान्य केलं.

आता संमतीचं. जिला ‘नाही’ म्हणण्याचा हक्क कायद्याने नाही, जिचे भाऊबहीण आणि आई त्याच माणसाच्या मालकीचे आहेत, तिच्या ‘हो’ला काय अर्थ द्यायचा? सॅलीने वाटाघाट केली, आणि तिच्यापुढे उरलेल्या इवल्याशा जागेत ती विलक्षण हुशारीने केली, हे मान्य करता येतं. त्याला प्रेमकथा म्हणायची हौस मात्र नंतरच्या लोकांची.

घरच्या गोऱ्या बायकांना हे दिसत नव्हतं का?

दिसत होतं. दक्षिण कॅरोलिनाच्या मेरी चेस्नटने १८६१ साली रोजनिशीत लिहून ठेवलं आहे की प्रत्येक बाई दुसऱ्यांच्या घरातल्या मिश्र रंगाच्या मुलांचा बाप कोण ते सांगू शकते, स्वतःच्या घरातली मुलं मात्र तिला आभाळातून पडल्यासारखी वाटतात. वाक्य झकास आहे. पण चेस्नटबाईंचा राग बराचसा गुलाम स्त्रियांवरच आहे, हेही त्याच पानांवर दिसतं.

मालकिणी निव्वळ मुकाट सोसणाऱ्या होत्या, हे चित्र आता मागे पडलं आहे. मुलीच्या लग्नात आंदण म्हणून गुलाम देण्याची रीत होती, त्यामुळे अनेकींकडे स्वतःच्या नावावर माणसं असत. मिसिसिपीने १८३९ मध्ये विवाहित स्त्रीला स्वतःची मालमत्ता ठेवण्याचा हक्क दिला, आणि त्या कायद्यात भर होता तो गुलामांवर. त्या खरेदी-विक्री करत, फटके मारत, भाड्याने देत. नवऱ्याचा राग त्याच्या बळीवर काढणं तर ठरलेलं. लुईझियानातल्या बायू बफ इथे पॅट्सी नावाची स्त्री दिवसाला पाचशे पौंड कापूस वेचायची, तिच्या हाताचा वेग कोणाला गाठता येत नसे. मालक एडविन एप्स तिच्यावर वासना ठेवून होता आणि मालकीण तिच्या जिवावर उठली होती. शेजारच्या मळ्यावर साबणाचा तुकडा आणायला गेली म्हणून तिला रक्तबंबाळ होईस्तोवर फटकावलं. मालकिणीने तिला साबण द्यायचंच बंद केलं होतं.

हे करणारे लोक समाजातले हलके लोक होते का?

जेम्स हेन्री हॅमंड दक्षिण कॅरोलिनाचा गव्हर्नर होता, नंतर सिनेटर. ‘कापूस हाच राजा’ ही १८५८ ची गाजलेली घोषणा त्याचीच. १८३९ साली त्याने अठरा वर्षांची सॅली जॉन्सन आणि तिची तान्ही मुलगी लुईझा विकत घेतली. आधी सॅलीला ठेवलं, मुलगी बारा वर्षांची झाल्यावर तिलाही. १८५६ मध्ये मुलाला पत्र लिहून त्याने दोघी आणि त्यांची मुलं त्याच्या हवाली केली, आणि सुचवलं की कुटुंबातच गुलाम म्हणून राहणं हीच त्यांच्यासाठी सर्वांत सुखाची स्थिती. ‘कुटुंबातच’ हा शब्द तो सरळ अर्थाने वापरत होता. यातली काही मुलं त्याची किंवा त्याच मुलाची होती.

बायकांना शेतातलं काम कमी असे का?

नाही. नांगरट, खुरपणी, वेचणी सगळं. बाळंतपणानंतर विश्रांती किती, याचं उत्तर इंग्रज अभिनेत्री फॅनी केंबल हिच्या नोंदींत आहे. नवऱ्याच्या, पिअर्स बटलरच्या, जॉर्जियातल्या मळ्यांवर ती १८३८-३९ च्या हिवाळ्यात राहिली. बायका तिच्याकडे घोळक्याने येत, मागणं एकच : बाळंतपणानंतर तीन आठवड्यांनी शेतावर पाठवतात, ते चार आठवडे करून द्या. केंबलचा पुढे घटस्फोट झाला. बटलरने कर्ज फेडायला मार्च १८५९ मध्ये सव्हाना इथे चारशेहून अधिक माणसांचा दोन दिवसांचा लिलाव केला.

मळ्यावरच्या मुलांपैकी जवळपास निम्मी पाच वर्षांची होण्याआधी मरत.

लग्नं होत होती का?

होत, कायद्याला मान्य नसत. झाडूवरून उडी मारण्याचा विधी बऱ्याच ठिकाणी होता. काही पाद्री ‘मृत्यू किंवा अंतर ताटातूट करेपर्यंत’ अशी शपथ देत, म्हणजे विक्रीची सोय शपथेतच.

डॉक्टर सिम्सबद्दल दोन्ही बाजूंनी वाचलं. खरं काय?

दोन्हीकडचे तथ्यांश मांडतो. अलाबामातल्या माँटगोमेरी इथे १८४५ ते १८४९ या काळात जे. मॅरियन सिम्सने अडलेल्या बाळंतपणामुळे होणाऱ्या भगंदरासारख्या जखमेवर, ज्यात लघवी सतत झिरपत राहते, शस्त्रक्रिया शोधली. शोध खरा आणि उपयोगी होता. प्रयोग झाले गुलाम स्त्रियांवर. अनार्का, बेट्सी आणि लुसी ही तीन नावं त्याने स्वतः लिहून ठेवली. एकट्या अनार्कावर तीस शस्त्रक्रिया, भूल न देता. परवानगी मालकांनी दिली. आजार भयंकर होता, त्या बायकांनाही बरं व्हायचं असणार, असं त्याचे समर्थक म्हणतात, असेलही. पण पुढे यशस्वी झाल्यावर त्याने न्यूयॉर्कला रुग्णालय काढलं, युरोपच्या राजघराण्यांत वावरला, आणि सेंट्रल पार्कजवळ त्याचा पुतळा उभा राहिला. तो २०१८ मध्ये हलवला. माँटगोमेरीत २०२१ पासून या तिघींचं शिल्प आहे.

त्यांनी प्रतिकार केला का?

केला, आणि नाना तऱ्हांनी. काही कपाशीचं मूळ चघळत, गर्भ राहू नये किंवा पडावा म्हणून. दक्षिणेतल्या डॉक्टरांनी याबद्दल तक्रारी लिहून ठेवल्या आहेत. ज्या पिकासाठी मुलं हवी होती त्याच पिकाचं मूळ!

एलन क्राफ्ट ही मालकाचीच मुलगी. दिसायला इतकी गोरी की लोक तिला मालकिणीची मुलगी समजत, म्हणून अकराव्या वर्षी मालकिणीने तिला सावत्र बहिणीच्या लग्नात आंदण देऊन टाकलं. डिसेंबर १८४८ मध्ये तिने केस कापले, पुरुषी कपडे चढवले, लिहिता येत नाही हे लपवायला हात झोळीत बांधला, आणि आजारी गोरा जमीनदार बनून आगगाडी आणि बोटीच्या पहिल्या वर्गाने जॉर्जियाहून गुलामगिरी नसलेल्या उत्तरेतलं फिलाडेल्फिया गाठलं. नवरा विल्यम बरोबर, तिचा ‘गुलाम’ म्हणून.

मार्गारेट गार्नरची गोष्ट वेगळी. जानेवारी १८५६ मध्ये ती कुटुंबासह केंटकीहून गोठलेली ओहायो नदी चालत ओलांडून गुलामगिरी नसलेल्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीला पोचली. पकडणारे दारात आले तेव्हा तिने दोन वर्षांच्या मुलीला सुरीने मारलं. बाकीच्यांनाही मारणार होती. कोर्टात वाद असा झाला की ओहायोच्या कायद्याने तिच्यावर खुनाचा खटला चालवायचा की पळालेली मालमत्ता म्हणून परत करायचं. तिच्या बाजूच्या लोकांना खुनाचा खटला हवा होता, कारण त्यात निदान ती माणूस ठरली असती. तिला परत पाठवलं. दोन वर्षांनी मिसिसिपीत टायफॉइडने गेली.

आणि हॅरिएट जेकब्ज. नॉर्थ कॅरोलिनातल्या ईडन्टनची. वर सांगितलेली लिडियाही त्याच परगण्यातली. पंधराव्या वर्षापासून डॉक्टर जेम्स नॉरकॉम तिच्या मागे लागला होता. त्याच्या तावडीतून सुटायला तिने सॉयर नावाच्या दुसऱ्या गोऱ्या वकिलाशी संबंध ठेवले, त्याच्यापासून तिला दोन मुलं झाली. नॉरकॉम तरी सोडेना. १८३५ मध्ये ती पळाली, आणि गेली कुठे? आजीच्या घराच्या माळ्यावर. नऊ फूट लांब, सात फूट रुंद, सर्वांत उंच जागी तीन फूट. सात वर्षं. खाली आपली मुलं खेळताना फटीतून दिसत, पण आई वर आहे हे त्यांना सांगायची सोय नव्हती. नॉरकॉमला ती उत्तरेत आहे असं वाटावं म्हणून ती न्यूयॉर्कच्या पत्त्यावरून पत्रं पाठवण्याची व्यवस्था करी, आणि तो तिकडे शोधायला जाई. १८४२ मध्ये ती बोटीने निसटली. १८६१ साली टोपणनावाने तिने आत्मकथन छापलं. पुढची शंभर-सव्वाशे वर्षं अभ्यासकांना ते कोणा गोऱ्या लेखिकेने रचलेलं वाटत होतं. १९८० च्या दशकात तिची पत्रं सापडल्यावर ते तिचंच असल्याचं सिद्ध झालं.

हे सगळं कळतं कशावरून? अतिशयोक्ती असेल तर?

वर आलेला बराचसा मजकूर मालकांच्याच कागदांतला आहे : जेफरसन आणि हॅमंडची पत्रं, व्यापाऱ्यांचे विनोद, न्यायाधीशांचे निकाल, डॉक्टरांच्या नोंदी. दुसरी बाजू म्हणजे सुटून आलेल्यांची आत्मकथनं आणि १९३६ ते १९३८ या काळात सरकारी योजनेत घेतलेल्या २,३०० हून अधिक मुलाखती. मुलाखतींत अडचण अशी की विचारणारे बहुतेक गोरे, सांगणारे ऐंशी-नव्वदीतले, आणि काळ वंशभेदाचा. म्हणून तिथे जे सांगितलं गेलं ते कमीच धरावं लागतं. जेकब्जनेही आपल्या पुस्तकात बरंच झाकून लिहिलं, वाचणाऱ्या सभ्य बायकांना धक्का बसू नये म्हणून.

तिसरा पुरावा शरीरांतच आहे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या जनुकीय अभ्यासात आफ्रिकन-अमेरिकनांमध्ये युरोपीय वंशाचा वाटा सरासरी २४ टक्के निघाला, आणि तो गोऱ्या स्त्रियांपेक्षा गोऱ्या पुरुषांकडून कितीतरी जास्त आलेला.

युद्धानंतर थांबलं का?

डिसेंबर १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द करणारी तेरावी घटनादुरुस्ती झाली. मे १८६६ मध्ये मेम्फिस शहरात गोऱ्या जमावाने, त्यात पोलीसही होते, ४६ काळ्या माणसांना मारलं. काँग्रेसची समिती चौकशीला आली तेव्हा पाच काळ्या स्त्रियांनी आपल्यावर झालेल्या बलात्कारांची शपथेवर साक्ष दिली. काही वर्षांपूर्वी त्यांची साक्ष गोऱ्या माणसाविरुद्ध कोर्टात चाललीच नसती. शिक्षा मात्र कोणाला झाली नाही.

महाराष्ट्राशी याचा काही संबंध आहे का?

दोन ठळक धागे आहेत. एक पैशाचा. युद्धापूर्वी ब्रिटनच्या गिरण्यांचा तीन चतुर्थांशाच्या आसपास कापूस या गुलामांच्या हातचा. १८६१ नंतर तो थांबला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. शेअरची लाट उसळली, बॅक बेच्या भरावाच्या कंपन्या निघाल्या, प्रेमचंद रायचंद यांच्यासारखे लोक रातोरात मोठे झाले. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेने शस्त्रं ठेवली आणि मुंबईचा फुगा फुटला.

दुसरा धागा विचाराचा. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली ती अमेरिकेतल्या गुलामगिरी नष्ट करणाऱ्या लोकांना अर्पण करून. आपल्या देशबांधवांनी त्यांचा कित्ता गिरवावा ही इच्छा त्या अर्पणपत्रिकेतच आहे.

आपल्याकडे गुलाम स्त्रिया नव्हत्या ना?

होत्या. पेशवेकालीन कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम स्त्रियांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी आहेत, आणि गोव्यात पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून आणलेले गुलाम होते. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने न्यायालयांनी गुलामगिरीचे हक्क मानायचं बंद केलं. दोन्हीकडचा तपशील सारखा नाही, पण ‘आपल्याकडे असलं काही नव्हतं’ हे म्हणता येत नाही.

आज त्यांचे वंशज पूर्वजांचा शोध कसा घेतात?

अवघड जातं. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत मालकाचं नाव आहे, त्याखाली वय, लिंग, रंग. माणसाचं नाव नाही. बहुतेकांची नावं जनगणनेत पहिल्यांदा येतात ती १८७० साली. त्याआधीचं शोधायला मालकांची मृत्युपत्रं, विक्रीखतं, आणि मुक्त झालेल्यांसाठीच्या सरकारी खात्याने नोंदवलेले विवाह पाहावे लागतात. युद्धानंतर वर्तमानपत्रांत ‘माझी आई अमक्या व्यापाऱ्याने अमुक साली विकली’ अशा शोध-जाहिराती कित्येक वर्षं येत होत्या, त्याही कामी येतात. मुक्त झालेल्यांसाठी काढलेल्या बचत बँकेत खातं उघडताना आईबाप, भावंडं, जुना मालक ही माहिती लिहून घेत. ती बँक १८७४ साली बुडाली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे अडकले; खात्यांचे अर्ज मात्र जपले गेले आहेत आणि आता ते ऑनलाइन पाहता येतात.